एकवीस हजारांचा बाळंतविडा

१९ ऑगस्ट, सकाळ
आमच्या मयुरीला तिकडे अमेरिकेत आठवा संपत आला. सौ. शोभाचा व्हिसा काही मिळाला नाही. मुलाखतीची तारीखच पुढच्या वर्षीची. विहीणबाई मोहिनीताईंकडे मात्र आधीचा व्हिसा होता, त्या जुलैतच डॅलसला जाऊन बसल्या. सेलूसारख्या गावातली बाई विमानात बसते आणि आम्ही सिंदी मेघेत. जग कुठे चाललं आहे!

शोभाने बाळंतविडा पूर्ण केला. चार दुपटी, टोपडी, झबली, एक कुंची. दुपटी माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची. मऊ असतात म्हणे. आपल्या हातचं तेवढंच पोरीपर्यंत जाणार, असंही म्हणाली. बायकांना असं काहीतरी म्हणावं लागतं.

पार्सलची जबाबदारी माझी. बत्तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींची कागदपत्रं केली, त्यापुढे हे किस झाड की पत्ती. आजच टाकणार होतो. पण शोभाने बिस्किटांचा खोका आणला. मोहिनीताईंच्या दारात बिस्किटांचा खोका? नवा, कोरा आणीन.

२३ ऑगस्ट
शेजारचा प्रफुल आला. मोबाइलचं दुकान चालवतो आणि त्यामुळे स्वतःला जगाचा जाणकार समजतो. म्हणे, "काकाजी, सोमवारपासून अमेरिकेचं पार्सल बंद होऊन राह्यलं. तिकडच्या सरकारनं ड्युटीचा नियम बदलवला. फक्त कागदपत्रं अन् शंभर डॉलरच्या आतलं गिफ्ट जाईन."

मी हसलो. त्याला सांगितलं की व्हॉट्सॲपवरून नियम शिकू नयेत, मूळ परिपत्रक वाचावं. त्याने मूळ परिपत्रक दाखवलं. माझा चष्मा आत होता.

२५ ऑगस्ट
कोरा खोका मिळाला. वर्ध्याला पोस्टात गेलो. फॉर्ममध्ये वस्तूची किंमत विचारतात. मी लिहिलं, एकवीस हजार.

काउंटरवरची बाई म्हणाली, काका, गिफ्ट शंभर डॉलरच्या आत पाहिजे, म्हणजे पावणेनऊ हजाराच्या आत. आत काय आहे? मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "लोकं किंमत कमी करून सांगतात काका. तुम्ही वाढवून काऊन सांगून राह्यले?" मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

आता या मुलीला काय समजावणार! तो फॉर्म खोक्यावर चिकटतो. खोका मोहिनीताई उघडणार. पहिल्या बाळंतपणाचा बाळंतविडा माहेरून जातो, त्यावर माहेरची इज्जत असते. तिथे काय दीड-दोन हजार लिहू? खोका घेऊन परत आलो. तत्त्व म्हणून.

२६ ऑगस्ट
शोभा रागावली. सासूला भाव दाखवायचा आहे का लेकराला दुपटं द्यायचं आहे, असं विचारत होती. मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "अहो, जुन्या लुगड्याले काय किंमत असते? शून्य लिहा न!" शून्य. हिच्या हाती कारभार असता तर देश कुठे असता?

२८ ऑगस्ट
काल गणपती, पोस्ट बंद. आज मंत्रालयाला पत्राचा मसुदा केला. विषय: बाळंतविडा ही वस्तू व्यापारी माल नसल्याने तिला किमतीची मर्यादा लावू नये. साडेतीन पानं झाली. भाषा जबरदस्त जमली आहे. दिल्लीत वाचणारा माणूस हलून जाईल. प्रत अमेरिकन दूतावासाला.

३० ऑगस्ट, शनिवार
शोभा सकाळपासून मागे लागली, आजच जा. प्रफुल गाडीवर सोडायलाही तयार होता. पण अर्धा दिवस पोस्ट, त्यात उद्या महालक्ष्म्या येणार, बाजारात गर्दी. सोमवारी जाईन. विचारांती आठ हजार सातशे लिहायचं ठरवलं आहे. तडजोड तत्त्वाशी नाही, फक्त आकड्याशी. मोठ्या माणसांना हे जमतं.

१ सप्टेंबर
आता सगळंच बंद. गिफ्टही नाही, साधं पत्रसुद्धा नाही. विमान कंपन्या माल उचलत नाहीत म्हणे, ड्युटी कोणी गोळा करायची तेच ठरलेलं नाही. म्हणजे शनिवारी टाकलं असतं तरी वाटेत अडकलंच असतं. हे मी शोभाला तीन वेळा समजावलं. ती महालक्ष्म्यांसाठी पुरण वाटत होती. मिक्सर बंद केला नाही.

६ सप्टेंबर
प्रफुलची मेहुणी रक्षा दहा तारखेला नागपूरहून डॅलसला निघाली आहे. त्याच्याने राहवत नाही, तो म्हणाला, "काकाजी, तिच्या बॅगेत टाकून देतो न!" मी साफ नकार दिला. परक्या बाईच्या चपला, तिचं तिखट-मसाल्याचं पाकीट, आणि त्यात माझ्या नातवंडाचे कपडे? शिवाय बॅगेतून गेलं तर खोका नाही, फॉर्म नाही, किंमत नाही. नुसतंच गाठोडं.

११ सप्टेंबर
व्यापक विचार करून रक्षाच्या बॅगेतून पाठवायला हरकत नाही, असं ठरवलं. प्रफुलला सांगितलं. तो म्हणाला, ती काल गेली. या पिढीला थांबणं म्हणून माहीत नाही.

१४ सप्टेंबर
मोहिनीताईंचा फोन. बाळंतविड्याचा विषय निघणार हे ओळखून मीच आधी सांगून टाकलं की पार्सल निघालं आहे, एकवीस हजारांचा माल आहे, कस्टममध्ये जरा अडकला, माझी वरपर्यंत लिखापढी चालू आहे. त्या म्हणाल्या, "हो भाऊ, पार्सल येईन न. काळजी नका करू." बाईला कस्टम म्हणजे काय ते कळलं नसावं.

शोभा समोरच होती. तिने कपाळाला हात लावला. तिला मुत्सद्देगिरी कळत नाही.

२२ सप्टेंबर
मुलगा झाला! आजच जीएसटीचे नवे दर लागू. मुहूर्त बघून आला आहे, माझ्यावर गेला.

व्हिडिओ कॉलवर शोभाने एवढंच विचारलं, गुंडाळलं कशात? मयुरी म्हणाली, हॉस्पिटलचं पट्ट्यापट्ट्याचं कापड देतात आई, सगळ्या बाळांना तेच. शोभा बरं म्हणाली. दुपारी कपाटावरचा खोका खाली काढून मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, टेप खराब होईल. तिने परत ठेवला.

मंत्रालयाचं उत्तर अजून नाही. स्मरणपत्र पाठवलं.

४ ऑक्टोबर, बारसं
रात्री साडेआठला कॉल लागला, तिकडे सकाळ. पंधरा-वीस माणसं होती, सगळी आपली मराठी. पाळणा सजवलेला. बाळाखाली एक दुपटं, हिरवंगार, पिवळ्या काठाचं, टाके मात्र लहानमोठे पडलेले. एका बाईने हात फिरवून विचारलं, किती मऊ आहे, कुठून आणलं? मोहिनीताई म्हणाल्या, "हे मयुरीच्या माहेरचं. शोभाताईनं हातानं शिवलं. वर्ध्यावरून आलं."

मी कपाटाकडे बघितलं. खोका जागेवर होता. टेप जशीच्या तशी.

शोभा माझ्या कानाशी म्हणाली, "हे तर त्यांचं लग्नातलं पातळ होय. मयुरीच्या लग्नात नेसल्या होत्या ना, तेच फाडलं त्यांनी."

तोवर सगळे पाहुणे स्क्रीनकडे वळले. काही जणांनी हात जोडले. मीही जोडले. एका गृहस्थाने कौतुकाने विचारलं, काका, आमच्या घरचे तर महिना झाला काही पाठवू शकले नाहीत, तुमचं पार्सल आलं कसं?

मी म्हटलं, नियम नीट वाचावे लागतात.

शोभा उठून आत गेली. मोहिनीताईंनी स्क्रीनकडे बघितलं नाही, त्या पाळण्याची दोरी ओढत राहिल्या. मग बायकांनी बाळाच्या कानात कुर्र केलं, टाळ्या वाजल्या आणि मयुरी डोळे पुसताना दिसली. नाव काय ठेवलं ते मला ऐकू आलं नाही. परत विचारावं तर बरं दिसलं नसतं.

शोभाने ऐकलं असेल आतून. सकाळी विचारीन, बोलली तर.