तळटिपांसह श्राव्य मार्गदर्शन

२ मार्च, सकाळी
आजच्या बैठकीत संचालकबाईंनी जाहीर केले, की संग्रहालयाला ऑडिओ गाइड मिळणार. कानाला लावायची यंत्रे महिनाअखेर येतील. मजकूर आणि आवाज 'आपल्यातल्याच कोणाचा तरी' असावा, असे म्हणताना त्या खिडकीबाहेर तलावाकडे पाहत होत्या. संकोच, दुसरे काय! थेट माझ्याकडे पाहिले असते तर इतरांच्या मनाला लागले असते. मी बावीस वर्षे येथे प्रमुख अभिरक्षक आहे. वस्तूंखालच्या प्रत्येक पाटीवरचे प्रत्येक विरामचिन्ह माझे आहे. मी होकार दिला नाही, कारण मला कोणी विचारले नाही. जे उघड असते ते विचारायचे नसते.
संकल्प: पहिल्या दालनाची संहिता आठ दिवसांत. पुरावा देता येणार नाही असे एकही वाक्य नको.

५ मार्च
एकेचाळीस पाने झाली. तलाव अजून तयार व्हायचा आहे.
भूगर्भापासून आरंभ केल्याखेरीज दालनातल्या होडीला अर्थ नाही. हिला वाचून दाखवले. म्हणाली, "छान आहे हो. पण माणूस दारातून आत कधी येतो?" मी समजावले, की माणूस येण्यापूर्वी तलाव असावा लागतो. त्यावर ही म्हणाली, "तोवर पाच वाजतील. पाचला बंद होतं ना तुमचं?"
हिला विनोदाची जाण उत्तम आहे. अचूकतेची यायला वेळ लागेल. लग्नाला अठ्ठावीसच वर्षे झाली आहेत.

६ मार्च
संचालकबाईंची चिठ्ठी: 'एका वस्तूला दोन मिनिटे.' कमीत कमी की जास्तीत जास्त, ते लिहिलेले नाही. इतक्या शिकलेल्या बाईंकडून अशी ढिलाई! पहिल्या दालनातली होडी एका अखंड खोडातून कोरलेली आहे. तिला दोन मिनिटांत उरकणे हा तिचा अपमान ठरेल. त्या अर्थी त्यांना 'कमीत कमी' म्हणायचे असणार.

८ मार्च, दुपारी
आज तीन पाहुण्यांनी विचारले, "घंटा कुठे ठेवलीये?" आमच्याकडे घंटा नाही. कधीही नव्हती. दारावरच्या रखवालदाराने खुलासा केला, की सहलीच्या बोटीवरची ताई लोकांना सांगते, जुन्या मनोऱ्याची घंटा पैलतीरी नेताना तलावात बुडाली आणि वारा पडला की अजून वाजते. बोटीचे आणि संग्रहालयाचे तिकीट एकच असल्यामुळे ही सगळी अंधश्रद्धा धक्क्यावर उतरते ती थेट माझ्या दालनात येते.
उद्या स्वतः जाऊन पाहणार. वेषांतर करून.

९ मार्च
टोपी घालून बोटीत बसलो. ताई म्हणाली, "टोपीवाले काका, हात आत घ्या, पाणी थंड आहे आणि हात तुमचेच आहेत." सगळे हसले. मी चोपन्न वर्षांचा आहे. 'काका' म्हणण्याचे वय नव्हे.
पंचवीस मिनिटांत एकोणीस चुका मोजल्या. लोक शेवटी टाळ्या वाजवत होते. बोट एकदाची काठाला लागली म्हणून असावे.

१० मार्च
ताईला एकोणीस दुरुस्त्यांचा कागद दिला, संदर्भग्रंथांच्या पृष्ठक्रमांकांसह. दोन्ही हातांनी घेतला तिने. म्हणाली, "सर, माझ्यासाठी एवढं कोण करतं हो?" शिक्षण कमी असले तरी स्वभाव विनयशील आहे. सुधारणा झाली असे समजतो.

१२ मार्च
रखवालदार सांगतो, की ताईच्या फेरीत आता नवा भाग आहे: "वर संग्रहालयात एक सर आहेत. ते म्हणतात घंटा नव्हतीच. मी म्हटलं, सर, तुम्ही बुडी मारून बघून आलात का?" म्हणे लोक हसून हसून लोळतात. रखवालदार स्वतःही हे सांगताना हसत होता. त्याला मुळात माझ्याविषयी आकस आहे. गेल्या वर्षी त्याच्या खुर्चीमुळे पाटी झाकली जात होती, म्हणून मी ती हलवली होती. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही.

१४ मार्च, सकाळी अकरा ते चार
ध्वनिमुद्रण. घरातल्या कपड्यांच्या कपाटात बसून केले, कारण कोटांमुळे आवाज घुमत नाही. पहिले दालन पूर्ण. नऊ वस्तू, दोन तास दहा मिनिटे. होडीला एकवीस मिनिटे दिली आहेत आणि तरीही मन भरले नाही.
तळटिपाही वाचल्या. हा माझा स्वतःचा शोध. प्रत्येक टिपेला आधी 'तळटीप' असे म्हणायचे, क्रमांक सांगायचा आणि आवाज किंचित खाली आणायचा, जसे छापताना अक्षर बारीक करतात. जगात इतरत्र कोणी असे केल्याचे माझ्या वाचनात नाही.
संध्याकाळी हिला संपूर्ण ऐकवले. डोळे मिटून ऐकत होती. तळटीप सतरापाशी मान संथ लयीत डोलू लागली. अशी श्रोती भाग्याने मिळते.

१६ मार्च
ध्वनिमुद्रण संचालकबाईंच्या हाती दिले. बाकीची दालने लिहीत आहे. संहितेची प्रत हिच्याकडे सांभाळायला दिली आहे, कारण संगणकावर माझा विश्वास नाही. आज पाहिले तर ही पेन्सिल घेऊन ती प्रत वाचत बसली होती. हातात पेन्सिल! डोळे पाणावले. घरात एक तरी माणूस आहे.

१८ मार्च
हिचा दात दुखतो. दुपारी डॉक्टरकडे गेली होती.

२० मार्च
पुन्हा दाताच्या डॉक्टरकडे. येताना केस वाऱ्याने विस्कटलेले होते आणि गाल लाल. सूज असावी. काळजी घे म्हणालो, तर म्हणाली, "घेतेय हो, तुमचीच घेतेय." वेदनेत माणूस असंबद्ध बोलतो.

२३ मार्च
दाताची पाचवी खेप. हिचे दात इतके खराब असतील असे वाटले नव्हते.
संचालकबाईंनी बोलावले होते. गुरुवारी पाहुण्यांवर चाचणी आहे. काहींना 'अ' नमुना द्यायचा, काहींना 'ब'. 'अ' म्हणजे माझे. 'ब' कोणाचे ते त्यांनी सांगितले नाही, म्हणाल्या, "सर, लोकांनाच ठरवू द्या ना." तुलनेसाठी काहीतरी सुमार ठेवावेच लागते, हे मी समजू शकतो. रीत आहे.

२६ मार्च, दुपारी
चाचणी. खांबाआड उभा राहून निरीक्षण केले.
'अ' घेतलेले लोक तिसऱ्या वस्तूच्या पलीकडे गेले नाहीत. एका गृहस्थांनी यंत्र परत करताना रखवालदाराला विचारले, "हे बिघडलंय का? आकडेच बोलतंय." एक आजीबाई होडीजवळच्या बाकावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मला त्यांची तन्मयता भावली. पुढे कळले, की त्यांनी यंत्र केव्हाच बंद केले होते आणि बाक सोयीचा होता.
निष्कर्ष: यंत्र कानाला टोचते.
'ब' घेतलेले लोक दालनातून दोनदा फिरले. होडीपाशी तर वाकून वाकून पाहत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला ओढत आणून म्हणाल्या, "अरे, इथं बघ, इथं." ते काय पाहत होते, मला कळेना. होडीवर बावीस वर्षे माझा अभ्यास आहे.
'ब'चे यंत्र कदाचित कमी टोचत असेल.

२७ मार्च, सकाळी
हे लिहितानाही अक्षर बिघडू देणार नाही.
दालन उघडण्यापूर्वी 'ब' यंत्र कानाला लावले. आवाज ऐकताच ओळखला. बोटीवरची ताई. "या. दार ओलांडलंत ना? आता डावीकडे एक होडी आहे, जवळ जा. पुढच्या कडेला कुऱ्हाडीचा एक घाव इतरांपेक्षा खोल गेलाय. दिसला? कोरणाऱ्याचा हात चुकला. तरी ही होडी चाळीस वर्षं तरंगली."
बस्स. पुढची वस्तू.
तो घाव माझा आहे! म्हणजे, शोधला मी. तळटीप एकतीस. सहा शब्द इकडेतिकडे केले आहेत, बाकी वाक्यही माझेच. सगळी नऊच्या नऊ निवेदने माझ्याच संहितेतली आणि संहितेची प्रत या जगात एकाच माणसाकडे आहे.

२७ मार्च, दुपारी
घरी जाऊन हिला विचारले. लाजली नाही, गडबडली नाही, भाजी निवडत राहिली. म्हणाली, "बाईंचा फोन आला होता सोळा तारखेला. म्हणाल्या, सरांचं मन मोडवत नाही, पण हे लोकांना देता येणार नाही. बाहेरचा माणूस आणणार होत्या, मजकूरही त्याचाच. तुमचं सगळंच्या सगळं कपाटात गेलं असतं हो. मी म्हटलं, चार दिवस द्या."
म्हणजे दात?
"दात शाबूत आहेत. बोटीवर जात होते. तिला वाचून दाखवायचे, ती बोलून बघायची. मोठ्या मनाची आहे ती. म्हणाली, सरांचा कागद अजून जपून ठेवलाय."
मी विचारले, यात तुझे किती? म्हणाली, "एक शब्द माझा नाही. मी फक्त काढले." किती काढलेस? "ते मोजायला बसले असते तर खरंच दात दुखला असता."
आणि हसली. मी पाठ फिरवून उभा राहिलो. अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि पाठीत खंजीर तोही माझ्याच पेन्सिलीच्या आकाराचा. रखवालदाराने केले असते तर समजलो असतो. त्याची निदान खुर्ची हलवली होती. हिचे मी काय हलवले?

२८ मार्च
राजीनामा लिहिला. नऊ पाने. पहिल्या तीन पानांत संग्रहालयशास्त्राची पार्श्वभूमी, चौथ्यापासून विश्वासघात, प्रत्यक्ष राजीनामा नवव्या पानाच्या मध्यास, जिथे त्याचा परिणाम सर्वाधिक होईल. संचालकबाईंच्या टेबलावर ठेवून आलो. आता त्यांचे डोळे उघडतील. धावत येतील. मी ताबडतोब ऐकणार नाही.
हिच्याशी कामापुरतेच बोलतो. आज कामे बरीच निघाली.

३० मार्च
राजीनामा परत आला. पहिल्या पानावर, जिथे मी 'दीर्घ सेवेनंतर विश्रांतीचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे' असे लिहिले आहे, त्या वाक्याखाली हिरवी रेघ, आणि बाजूला: 'अवश्य घ्या. चार दिवस मंजूर.' खाली सही.
उरलेल्या आठ पानांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्याच आहेत.
हिला दाखवले नाही. तरी संध्याकाळी म्हणाली, "सुट्टी मिळाली वाटतं?" बहुधा बाईंचा पुन्हा फोन. या दोघींचे जाळे आहे.

१ एप्रिल
सुट्टीचा दिवस पहिला. घरी करण्यासारखे काही नाही. कपाटात कोट सारखे केले.
आजपासून ऑडिओ गाइड लोकांसाठी सुरू झाला असणार. मला त्याच्याशी कर्तव्य नाही.

२ एप्रिल
सुट्टीचा दिवस दुसरा. गेलो. केवळ चुका टिपण्यासाठी.
रखवालदाराने पाहिले न पाहिल्यासारखे केले. यंत्र देणाऱ्या बाईंनी मला ओळखले नाही, नव्या आहेत. यंत्राच्या पाठीवर छापले आहे: लेखन, आणि पुढे माझे नाव, माझ्या सर्व पदव्यांसह. त्याखाली आवाज, ताईचा. संक्षेप कोणी केला, याचा उल्लेख कुठेही नाही. ही गंभीर त्रुटी आहे. ज्याचे काम त्याला श्रेय, हे तत्त्व संग्रहालयाने तरी पाळावे. पत्र लिहावे लागेल. छोटे.
होडीपाशी वाकून तो घाव पाहिला. बऱ्याच वर्षांनी पाहिला. खरोखरच खोल आहे.
चुका टिपण्यासाठी वही उघडली होती. आठव्या वस्तूपर्यंत पान कोरे. याचे श्रेय मूळ संशोधनाला.
नवव्या वस्तूपाशी, पाण्याची पातळी नोंदवायच्या जुन्या काठीपुढे, ताईच्या आवाजात माझे एक वाक्य अखंड सुरू झाले. हिने हात लावलेला नव्हता. का सोडले, ठाऊक नाही. माझ्यासाठीच सोडले असावे. पाच पोटवाक्ये, दोन अर्धविराम, एक कंस, सर्व जागच्या जागी. ताई बिचारी मध्ये दोनदा श्वास घेते. मी डोळे मिटून ऐकू लागलो. तिसऱ्या पोटवाक्यानंतर यंत्राचे 'पुढे' हे बटण दाबले.
मागे रांग होती.
मागे कोणी नव्हते. बटण नीट चालते की नाही, हे पाहणे आवश्यक होते.
चालते.