पळसाखालची सावली

नाना, आम्ही आफ्रिकेला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि आई. दचकू नका, गाडी मीच चालवली आणि दोघी धडधाकट परत आलो. झाशीत, लक्ष्मी गेटच्या आपल्या गल्लीत अजून कुणाला खरं वाटत नाही. समोरच्या चाची चहाच्या वेळेला डोकावतात आणि विचारतात, "अम्माजी, सच्ची में शेर देखा?" आई पदर सारखा करते आणि म्हणते, "देखा न, पूरा खानदान देखा." ऐंशी उलटलेल्या बाईने एवढा तोरा मिरवलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. गुडघे कुरकुरतात, पण सांगताना ती उठून उभी राहते.

हे सगळं कशासाठी केलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण मूळ कारण तुम्हीच. बैठकीतला तो वाघाचा फोटो अजून तिथेच आहे. वाघ म्हणजे काय, पानांच्या मागे एक पिवळट डाग, पण तुम्ही काढलेला. कुणीही पाहुणा आला, हातात चहा पडला, की तुम्ही त्या डागाकडे बोट करायचात. "हा वाघ. आणि आमच्या हिने तो बघितलेलाच नाही! ही मला म्हणते, त्या पळसाखाली सावली बरी आहे का बघा, तिथे जेवायला बसू. मी मान वळवून बघतो, तर तिथे वाघ! हिला वाघाच्या पंगतीला बसायचं होतं हो. तो आला, उभा राहिला, निघून गेला, आणि ही आपली डब्यात डोकं घालून लोणचं शोधतेय." पाहुणे खो खो हसायचे. आईसुद्धा हसायची आणि कपबशा उचलून आत जायची. मी दाराशी उभी असायची. तुमच्यावर माझा जीव होता नाना, आणि त्या वेळी तुमचा असा राग यायचा की विचारू नका.

ते रविवार मला लख्ख आठवतात. गरौठ्याच्या तुमच्या मित्राची जीप, कधी मागून आणायची, कधी तो स्वतःच पाठवायचा. तुम्ही रेल्वेच्या कचेरीत आठवडाभर मान खाली घालून बसायचात आणि रविवारी शिवपुरीच्या जंगलाच्या वाटेला लागलात की वेगळेच दिसायचात. गळ्यात कॅमेरा, आणि जीपमध्ये तुमचा कायदा: जनावर दिसलं तर ओरडायचं नाही, हळूच खांद्यावर थाप मारायची. एकदा मला सांबर दिसलं आणि मी "सांबर! सांबर!" म्हणून किंचाळले. ते पळालं. तुम्ही एवढंच म्हणालात, "अक्कल घरी ठेवून आलीस काय?" आणि झाशी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. तुमचं तोंड असं झालं होतं, जसं कुणी ताटातला घास काढून घेतला. मी आईच्या कुशीत रडत होते आणि आई तुमच्या पाठीकडे बघत होती. मला तेव्हाही कळलं होतं, की सांबर पळाल्याचं दुःख थोडं आणि ते मला आधी दिसल्याचं जास्त. वाघ दिसला तो त्याच्या पुढच्याच फेरीत.

तुम्ही गेल्यावर आई टीव्हीवर जनावरं बघत बसायची. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आपल्या नशिबात हा काचेतलाच वाघ." सहज म्हणाली, पण मला ते लागलं. मी तिला दोनदा इथल्या जंगलात नेलं. जीपमध्ये सहा माणसं, पुढे गाइड, आणि काही दिसलं तर आधी त्यालाच दिसणार, मग तो सगळ्यांना दाखवणार. मला तसं नको होतं. जनावर आईला दिसावं, सगळ्यांच्या आधी, तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी, आणि त्या चेष्टेवर एकदाचं पाणी पडावं. तुमच्या नातवाने सांगितलं, की नामिबियात भाड्याची गाडी घेऊन जंगलात आपलं आपण फिरता येतं, गाइड घ्यावाच लागत नाही. शिवाय गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. झालं. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, मी लायसन्स घेऊन आफ्रिकेला निघाले.

आईने जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवली होती. खिडकीच्या काठावर ती ठेवून तिच्यावर कॅमेऱ्याची लांब लेन्स टेकवायची, म्हणजे हात हलत नाही. तिथे पोचल्यावर दुकानातून तांदूळ घेऊन आम्ही ती भरली, आणि जंगलातल्या शेवटच्या मुक्कामात त्याच तांदळाची खिचडी केली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, बायकांना फोटोतही स्वयंपाक सुचतो. म्हणा. फोटो मात्र एकही हललेला नाही.

एक घोळ मात्र तुमच्या शिकवणीमुळे झाला. गरौठ्याच्या रस्त्यावर जीप शिकवताना तुम्ही काय सांगितलं होतं? म्हैस असो की माणूस, आधी हॉर्न द्यावा, हॉर्न म्हणजे 'येतोय हो' म्हणून सांगणं, त्यात उद्धटपणा काही नाही. तिथल्या इटोशाच्या जंगलात पांढऱ्या मातीच्या रस्त्यावर वळण घेतलं आणि समोर हत्ती. रस्ता अडवून उभा, आपल्या ओसरीएवढा. आणि माझा हात गेला हॉर्नवर! पीं पीं! अहो, त्याने कान पसरले आणि आमच्याकडे चालत यायला लागला. रिव्हर्स पडेना. शेजारी आई हात जोडून मोठ्याने म्हणतेय, "माफ़ करो महाराज, लड़की नई है!" कशीबशी गाडी मागे घेतली, तो थांबला, कान मिटले आणि झाडीत निघून गेला. जिवात जीव आल्यावर मी ओरडले, "आई, त्याला हिंदी कुठली कळतेय?" तर म्हणते, "मग मराठी कळणार होती? घरात मराठी, बाहेरच्यांशी हिंदीच बोलावं." डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आम्ही.

पण सिंह काही दिसेना. जिराफ दिसले, झेब्र्यांचे कळप दिसले, एक गेंडाही पाणी पिऊन गेला. आई खूश होती, सगळ्यांना "आओ भैया, जाओ भैया" चाललं होतं. माझाच जीव खालीवर होत होता. एवढं लांब आणून हिला मी तशीच परत नेणार की काय, या विचाराने जेवण गोड लागेना. निघायच्या आदल्या सकाळी आम्ही एका पाणवठ्याशी गाडी बंद करून बसलो. मी लेन्समधून पलीकडचा काठ न्याहाळत होते, आणि एका काटेरी झाडाखाली गवत हललं. गवत नव्हे, कान होता. सिंहीण! शेजारी बघते तर काय, आई मान खाली घालून डब्यातली दशमी कागदात गुंडाळतेय. मी "सिंह" म्हटलं असतं तर तो माझा झाला असता आणि ती पुन्हा मागे राहिली असती. म्हणून आवाज शक्य तेवढा साधा करून मी म्हटलं, "आई, त्या काट्याच्या झाडाखाली सावली बरी आहे का गं? बघ ना जरा."

आईने मान वर केली. झाडाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली, चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. मग माझ्याकडे वळली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मेले, मलाच शिकवतेस? ही थाप माझी आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी कॅमेरा मांडीवर ठेवून दिला. "आई, म्हणजे तुला तेव्हा..."

"तुम्हा सगळ्यांच्या आधी. चांगला शेपटीपर्यंत बघितला. पण किती रविवार घालवले होते त्यांनी त्याच्यासाठी! मी आधी बोलले असते तर वाघ माझा झाला असता. तुझ्या सांबराच्या वेळचं तोंड आठवतंय ना? तसलं तोंड घेऊन झाशीपर्यंत कोण बसणार?"

"आणि डब्यात डोकं कशाला घातलंस?"

"हसू येत होतं. चेहऱ्यावर दिसलं असतं त्यांना."

"अगं पण जन्मभर लोक हसले तुला!"

"हसले तर हसले. मला माहीत होतं ना."

सिंहीण उठली, तिच्यामागून तीन पिल्लं लोळत लोळत बाहेर आली. आई त्यांच्याकडे बघत होती आणि मी आईकडे. मला रडू आलं, आनंदानेच आलं. एवढी वर्षं मी जिची कीव केली, ती आपल्या घरातली सगळ्यात श्रीमंत बाई होती. नंतर मी भरपूर फोटो काढले, छान आले आहेत. परतीच्या वाटेवर, मुक्कामाचं गेट जवळ आल्यावर, आई एकदम गंभीर होऊन म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं." जणू तुम्ही घरी चहाची वाट बघत बसला होतात. मी म्हटलं, नाही सांगणार.

हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, की घडी घालून तुमच्या फोटोच्या मागे खोचून ठेवीन. पण आई रोज तो फोटो पुसते, तिच्या हाती लागायचं. आणि तिला शब्द दिला आहे. शिवाय एक सांगते नाना, तुम्ही एकदा तरी हरावं, तिच्यासमोर हरावं, असं मला लहानपणापासून फार वाटायचं. आता हरला आहात, आणि ते तुम्हाला कळवणं माझ्याच्याने होत नाही.