गिरजाबाईचं घर

प्रिय पुनम,

तू दोन गोष्टी विचारल्यास. रविवारच्या शाळेतल्या मुलांना सांगायला रोममधली पहिली चर्चं कशी सुरू झाली ते हवंय, आणि पहिल्या बाळंतपणाला चंद्रपूरला आलं तर चालेल का. पहिलं उत्तर पुस्तकात सापडतं, म्हणून ते आधी. दुसरं तुझ्या बाबांकडे आहे, आणि तुझं लग्न चर्चमध्ये लागल्यापासून त्यांनी तुझं नावसुद्धा घेतलेलं नाही. मी फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोन घेतला की त्यांना नेमकं त्याच खोलीत काम निघतं.

तर रोम. सुरुवातीची दोनेक शतकं तिथे चर्चची इमारत अशी नव्हतीच. माणसं कुणाच्या तरी घरी जमायची, प्रार्थना करायची, एकत्र जेवायची. पुढे मोठी चर्चं उभी राहिली तरी काहींना घरमालकाचंच नाव राहिलं, त्यात बायकांचीही नावं आहेत. दारावर मालकाच्या नावाची पाटी असे, तिच्यावरून ही नावं पडली म्हणतात. पंडितांचे वाद आहेतच. मुलांना ते सांगू नकोस, जांभया देतील.

बाबांची ती गोष्ट तुला आठवत असेल. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या नोकरीच्या मुलाखतीला ते ब्रह्मपुरीकडून पहिल्यांदा चंद्रपूरला आले. चुलतभावाने सांगितलं होतं, गिरजाघरापाशी, म्हणजे चर्चपाशी, उतर. हे उतरले भलतीकडेच आणि दिसेल त्याला विचारत सुटले, "गिरजाबाईचं घर कुठी हाय जी?" परकोटाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या तटाच्या, आत एक गिरजाबाई निघालीही. तिने ओळखपाळख नसताना वरण-भात वाढला आणि मगच खऱ्या गिरजाघराचा रस्ता दाखवला. दर पाहुण्यापुढे ते ही गोष्ट सांगायचे, तू लहानपणी ती तोंडपाठ म्हणून दाखवायचीस. तुझ्या लग्नानंतर ती बंद झाली. मला तुझ्या रिकाम्या खोलीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

परवा तुझं येण्याचं विचारणं त्यांच्या कानावर घातलं आणि मग रोमचं प्रकरण मुद्दाम मोठ्याने वाचलं. ते लाखोळीची डाळ निवडत होते. बायकांच्या नावांपाशी त्यांचा हात थांबला. म्हणाले, "मंग मी चुकलो नव्हतो." मी म्हटलं, रोममध्ये नसता चुकलात, चंद्रपुरात चुकलात. त्यावर हसले नाहीत. जावयाची, आदेशची माणसं तुला सोडायला येतील, त्यांना आपलं घर माहीत आहे का, एवढंच विचारलं. नाही, म्हटलं. माहीत असणार कसं? लग्नाला आपण कुणी गेलो नाही, त्यांना कधी बोलावलं नाही.

काल सकाळी निकेश पेंटर आला. फाटकावरची 'लटारू' ही बाबांच्या नावाची पाटी त्याने खरवडून काढली. मला वाटलं, रंग उडाला होता म्हणून बोलावला असेल. दुपारी बाहेर जाऊन पाहिलं तर ठसठशीत अक्षरांत 'पुनमचं घर' लिहिलेलं. काही विचारायच्या आत बाबाच म्हणाले, "त्याइले माह्यासारखं पुसत फिरा लागू नये." इतक्या वर्षांत तुझं नाव तोंडाने नाही घेतलं, पण दारावर लावलं. सातवा लागला की ये. गिरजाघरापाशी उतरा, तिथून कुणीही सांगेल. बाबा आधीच सगळ्यांना सांगून आलेत.

वरण-भात लावून वाट पाहणारी,
तुझीच आई