धार नसलेला कोयता

४ नोव्हेंबर, मंगळवार

वही मिळाली. दोनशे पानी! मिनलताई वस्तीतल्या पोरांचा गट चालवते, तिनं सगळ्यांना दिली, वर मलापण. म्हणाली, "रोज दोन ओळी लिहायच्या. कुणी वाचणार नाही. मीसुद्धा नाही." मी म्हटलं, ताई, मी आठवी नापास, आणि मी काय पोरगा आहे का? "त्यांचा दादा आहेस ना? मग लिही."

दादा म्हणे. पहिली पाळी असली की चाकणच्या कंपनीतून बसनं येतो, काळेवाडीतल्या हॉलवर जातो, चुन्यानं कबड्डीच्या रेषा मारतो, मारामाऱ्या सोडवतो. एवढंच. सहा ते आठ. ताई म्हणते हेच दोन तास महत्त्वाचे. त्या वेळेला पोरगं एकतर हॉलमध्ये असतं, नाहीतर इथला भाई गणराज, त्याच्या कट्ट्यावर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीला सुट्टी. खेळ झाल्यावर सगळे गोल बसतात आणि प्रत्येकानं सांगायचं, या आठवड्यात मला काय जमलं. एकजण म्हणाला, आईनं न सांगता पाणी भरलं. दुसरा म्हणाला, शिवी दिली पण मनात. टाळ्या!

सनीचा नंबर आला. पंधरा वर्षांचा, काडीसारखा. बाप नाही. आई अंजलीताई रावेतच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. खाली बघून म्हणाला, "मला काय जमत नाय. पुढं चला."

मग माझा नंबर. मीपण तेच म्हटलं. पोरं हसली. सनी हसला नाही. माझ्याकडं बघत राहिला.

खरंच काय सांगू? तीन वर्षांत पाच कंपन्या सोडल्या. जिंतूरहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न, "आता तरी टिकलास का रे?"

९ नोव्हेंबर, रविवार

सनी कट्ट्यावर दिसला. गणराजचा हात त्याच्या खांद्यावर. मी मुद्दाम हळू चाललो.

"वीस तारखेला सोळा वर्षं पुरी होतायत ना भावा? मग! माझ्या गाडीच्या बोनेटवर केक. कोयत्यानं कापायचा. चौकात फ्लेक्स, तुझं तोंड माझ्या शेजारी. एवढं मोठं!" आणि दोन्ही हात पसरून दाखवलं.

सनीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. हॉलमध्ये तसा कधी बघितला नाही.

त्या बोनेटवर मागच्या वर्षी दोन पोरांनी केक कापला होता. केक खाल्ला म्हणजे गणराजचा माणूस झाला. मग हे पाकीट तिकडं दे, तो कोयता घरात ठेव. एक आत आहे. दुसऱ्याची आई अजून फोटो घेऊन फिरते.

१० नोव्हेंबर, सोमवार

ताईला सांगितलं. मग म्हणाली, "हत्यारासोबत फोटो दिसला तर त्या पोराला गट बंद, ही अट सगळ्यांनी सही करून मान्य केलीये. मी सनीसाठी मोडली तर उद्या सगळे मोडतील. आणि हल्ली पोलीस रील बघूनच उचलतात." हॉलमध्ये सनीसाठी मोठा केक आणायचा ठरवलंय तिनं. सोबत प्लास्टिकची सुरी.

प्लास्टिकची सुरी! गणराजच्या बोनेटपुढं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चहाच्या टपरीवर सनी आपणहून येऊन बसला.

"दादा, तू कंपनीत पत्राच कापतो ना?"

"प्रेसवर असतो. काहून?"

"एक कोयता बनव की. खोटा. मी गणराजकडं नाय जात. आपण दोघंच हॉलमागं केक कापू. तू शूटिंग कर."

"ताईला कळलं तर दोघांना हाकलेल."

"कुणाला नाय दाखवणार. माझ्याच फोनमध्ये ठेवतो. आईशप्पथ."

तो उठला, परत आला. "थोडी धार पण लाव. नायतर केक दाबला जाईल, खेळण्यातला दिसेल."

धार नाही, म्हटलं. धारेचं नाव काढलं तर काहीच नाही. पण कोयत्याला नाही कुठं म्हटलं मी!

डोक्यात सारखं हेच. बोथट पत्रा म्हणजे काय हत्यार नाही. आणि पोरगं बोनेटवर चढणार नाही. यात वाईट काय?

१७ नोव्हेंबर, सोमवार

बनवला. स्क्रॅपच्या पिंपातून जाड पत्रा काढला, मार्करनं आकार काढला, जेवणाच्या सुट्टीत कापला. जयसिंग सुपरवायझर कँटीनमध्ये होता. मुठीला दोन लाकडी फळ्या, दोन रिबिटा. पॉलिश केला तर असा चमकला — तोंड दिसत होतं माझं त्यात! पात्याला धार नाही दिली. कडेचा खरखरीतपणा फक्त ग्राइंडरवर काढला. धार नाही.

पाठीला फडक्यानं बांधला, वरून जॅकेट. गेटवर चिमाजीमामा फक्त पिशव्या बघतो. "काय रं, आज लई ताठ चाललायस?"

"पाठ धरलीय, मामा."

"व्हय व्हय, एकवीस वर्साचा म्हातारा! जा, शेक घे."

बसमध्ये टेकता येईना. चाकण ते काळेवाडी फाटा, दीड तास, कण्यावर थंड पत्रा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अंगठ्याला फोड आलाय. ग्राइंडरचा चटका.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गोलात माझा नंबर आला. तोंडातून निघून गेलं, "एक काम सुरू केलं ते पूर्ण केलं." टाळ्या. सगळ्यात जोरात ताईनं वाजवल्या. मान वर करवेना.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झालं एकदाचं!

हॉलमध्ये ताईचा केक झाला, प्लास्टिकची सुरी झाली. पोरांनी सनीला केक फासला. मग तो आणि मी मागच्या भिंतीकडं. पाच रुपयेवाले दोन कपकेक एका पुठ्ठ्यावर. सनीनं कोयता दोन्ही हातांनी वर धरला. मी फोन धरला. छाती काय फुगली होती त्याची! पात्याखाली कपकेक गेला, पुठ्ठापण गेला.

बोटाला थोडं रक्त आलं त्याच्या. पुठ्ठ्यानं कापलं असेल. त्यानं बोट चोखलं, माझ्याकडं बघून हसला. "भारी बनवलाय राव, दादा."

तिकडं गणराजनं आठपर्यंत गाडी उभी ठेवली होती म्हणे. सनी गेला नाही. गेला नाही!

कोयता माझ्याकडं दे म्हटलं. "आजची रात्र राहू दे ना."

राहू दिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सनीनं व्हिडिओ स्टेटसला टाकला. आईशप्पथ म्हणाला होता! मी बसमधून सात फोन केले. उचलला नाही. संध्याकाळपर्यंत कुणीतरी गाणं लावून रील केली. गणराजनं खाली आगीची चित्रं टाकलीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पोलिसांनी सनीला उचललं. साध्या कपड्यातले दोघं आले, गादीखालून कोयता काढला, पोराला घेऊन गेले. अंजलीताई तशीच अनवाणी चौकीपर्यंत मागं पळत गेली. मी तेव्हा प्रेसवर. जयसिंग ओरडला, "हात कुठंय, लक्ष कुठंय? बोटं जातील!"

माझं नाव अजून निघालेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सनीला पोरांच्या निरीक्षणगृहात ठेवलंय. ताई वकिलाला भेटून आली. हॉलच्या पायरीवर बसली होती, मीच पाणी नेऊन दिलं.

"तो म्हणतो भंगारात सापडला. कोण विश्वास ठेवणार? नवा कोरा आहे. आणि पात्याला धार आहे, कुलदीप. चांगली धार आहे. बोथट असता तर वकील म्हणतात गोष्ट वेगळी होती."

मी म्हटलं, गणराजला विचारा. त्याच्या कट्ट्यावर धार लावणारा ग्राइंडरवाला येऊन बसतो.

"तुला नक्की माहितीये?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय," म्हटलं.

लिहितानापण हात थांबायलाय. जाऊ दे. गणराज कुठला साधू आहे?

२४ नोव्हेंबर, सोमवार

बॅग भरून ठेवली. परभणीची गाडी निगडीहून मिळते. सहावी कंपनी सुटली तर सुटली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ताईनं माझ्या शब्दावर चौकीत गणराजचं नाव सांगितलं. त्याला दोन तास बसवून सोडून दिलं. त्याला वाटलं सनीनंच नाव घेतलं. काल त्याची तीन पोरं अंजलीताईच्या दारात. शिवीगाळ नाही, काही नाही. एकानं पाणी मागून प्यायलं. ग्लास देता देता म्हणाला, "काकू, सनी बाहेर आला की सांगा, भाईनं आठवण काढलीये."

ती कामावर गेली नाही. दार लावून बसलीये.

ताई आज सनीला भेटली. परत आली तर डोळे लाल. मला वाटलं रडली असेल. चिडलेली होती.

"मी त्याला म्हटलं, सनी, बनवणाऱ्याचं नाव सांग, तुझं वर्ष वाचेल. तर काय म्हणाला माहितीये? गोलात बसल्यासारखा सरळ बसला आणि म्हणाला, ताई, या आठवड्यात मला जमलं. एवढे जण विचारतायत, मी नाव नाय घेतलं."

मग ताई हसल्यासारखं करून म्हणाली, "तीन वर्षं मी पोरांना हेच शिकवलं का रे?"

मी चुन्याचं डबडं उचलून आत गेलो. आत कुणी नव्हतं. रेषा मारल्या. दोनदा मारल्या.

घरी येऊन ही वही उघडली. सतरा तारखेचं पान. त्यावर स्पष्ट लिहिलंय, धार नाही. तारीखवार लिहिलंय. हे वकिलाला दाखवलं तर? मी बनवला, पण बोथट बनवला. चोरी माझी, नोकरी जाईल, केसपण होईल. पण धार माझी नाही. अर्धा गुन्हा. अर्ध्यावर सुटतो मी.

मग धार गणराजच्या माथी जाईल. आणि सनी बाहेर आला की तो त्याच्या दारात उभा असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मिनलताई, ही वही आता तुम्ही वाचा. सतरा तारखेचं पान खोटं आहे. धार मीच दिली. सनीनं मागितली म्हणून नाही. पातं हातात इतकं छान बसलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट झालं होतं, ते अर्धं सोडवेना. दोन मिनिटं ग्राइंडरवर धरलं. अंगठ्याचा फोड तिथलाच. गणराजच्या कट्ट्यावर ग्राइंडरवाला मी कधी बघितला नाही. अंजलीताईच्या दाराबाहेर उभा आहे. वही तिच्याकडं देतो, तुम्हाला पोचवायला. तिला अजून काही सांगितलेलं नाही, ते तुम्ही सांगा. चौकीत जायलोय.