रेकॉर्डब्रेक जोडी

नॉर्थम्बरलंड,
२२ सप्टेंबर १९८८

प्रिय राल्फ,

अनेक आशीर्वाद. साउदॅम्प्टनला हवा बरी असेल. इकडे वारा सुटलाय. फोनवर माझा आवाज ऐकला की ठेवून देतोस, म्हणून पत्र.

शनिवारी क्लबात लीकच्या भाजीचं प्रदर्शन झालं. बाबांच्या दोन लीकची जोडी पहिली आली. नुसती पहिली नाही. क्लबात आजवर एवढे जाड लीक कुणी पिकवलेच नव्हते. रेकॉर्डब्रेक!

हा शब्द बाबांपुढे काढायची सोय नव्हती, आठवतंय? कोपऱ्यावरची डोरा तिच्या केकला रेकॉर्डब्रेक म्हणाली की बाबांचं सुरू: "आधी कुणी केलेलं नसावं, आणि पंचानं मोजलेलं असावं. तुझा केक मोजला कुणी?"

डोरा ओरडायची, "मेल्या, आधी खा तरी!"

बाबा स्वतः प्रदर्शनाला नव्हते. जुलैपासून दवाखान्यात होते. खाणीतली धूळ छातीत बसलेली, दुसरं काय. ते सांगतील तसं पाणी मी घालत होते.

पंचानं फीत लावून मोजलं आणि माइकवर पुकारलं, "मॅथ्यू आणि राल्फ हिंडमार्श!"

होय, राल्फ. घर सोडून जाताना तू बाबांना म्हणालास ना, "या कांद्याच्या भावंडांवर जेवढा जीव लावता, तेवढा पोटच्या पोरावर लावा"? तेव्हापासून दर वर्षी जोडीदार म्हणून ते तुझंच नाव देत होते. लोक टवाळी करायचे, "मॅथ्यू, जोडीदार काय जमिनीखाली वाढतोय?" बाबा एवढंच म्हणायचे, "येईल." तुला कळवू देत नव्हते. मला तुम्हा दोघांचाही संताप यायचा.

एकदा चिडून म्हटलं, तुमचा अबोलाही रेकॉर्डब्रेकच आहे. तर म्हणाले, "तो मोजायचा नाही. अजून चालू आहे."

शनिवारी संध्याकाळी त्यांना निकाल सांगितला. "मोजलं कुणी?" हाच पहिला प्रश्न. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "राल्फला कळव."

मंगळवारी बाबा गेले रे. लिहायला हात धजेना, म्हणून वारा आणि केक लिहीत बसले. सोमवारी सकाळी त्यांना चर्चमध्ये नेणार आहोत.

प्रदर्शनानंतर सगळ्यांच्या लीकचं सूप होतं. ही जोडी मी चिरू दिली नाही. ओल्या वाळूत उभी करून ठेवलीय. बियाण्यासाठी ती परत जमिनीत लावायची, आणि एक जोडीदार गेला तर खड्डा दुसऱ्यानं खणायचा, ही क्लबाची रीत तुला ठाऊक आहे. डोरा म्हणाली, मी खणते. म्हटलं, फावड्याला हात लावून तर बघ!

फावडं मागच्या दाराशी ठेवलंय.

तुझी वाट बघणारी,
विनीताई