छपरावरच्या थाळीची खंडेनवमी

चि. जयसिंग यास,

ताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही बरेच असणार, पिंपळे सौदागरात आजारी पडायलाही कुणाला सवड नसते. तुझं पित्त काय म्हणतंय? वर्षालीला सांग, लोणच्याची बरणी परत पाठवते आहे. (रिकामी आहे. समजून घ्यावं.) बरणीसोबत पत्र बघून दचकू नकोस. फोन लागतो तो फक्त शेजारच्या आबाजींच्या गोठ्यात, आणि तिथे आबाजी असतात.

तुझ्या दाजींनी आकुर्डीची कंपनी सोडून चाकणच्या पुढे शेतात घर बांधलं, तेव्हा हवा पाहिली, पाणी पाहिलं, ईशान्य दिशासुद्धा पाहिली. नेट पाहायचं राहिलं. श्रद्धाची नोकरी घरून करायची. नेट आहे तोवर मी इथे, नाहीतर शहरात खोली घेईन, असं तिने पहिल्याच दिवशी हसत सांगितलं. (ती हसत सांगते तेव्हा ते खरं असतं. माझ्यावर गेली आहे.)

आधी मोबाइलचं नेट वापरून पाहिलं. ते पाण्याच्या टाकीच्या एका कोपऱ्यावर यायचं, म्हणून पोरगी छत्री घेऊन छपरावर. तिचं बोलणं सगळ्या वस्तीला ऐकू जायचं, फक्त तिच्या कंपनीला नाही. मग केबलवाल्याला गाठलं. वायर म्हणे शेजारच्या गोडाऊनच्या फाटकापर्यंत आली आहे, पुढे दोन घरांसाठी खांब कोण रोवणार? म्हणजे खोक्यांना नेट आणि माणसांना ठेंगा. तेव्हा बांधापलीकडचे आबाजी म्हणाले, "वहिनी, आमच्यात येतंय की नेट. पर गोठ्यात. म्हशीला काय करायचंय त्येचं?" झालं, श्रद्धा गोठ्यात बसली. मीटिंगमध्ये म्हैस मधेच रेकली, तर तिच्या साहेबांनी विचारलं, हे कोण बोललं, जरा पुन्हा सांगाल का?

शेवटी चाकणहून ज्ञानेश नावाचा मुलगा आला. त्याने छपरावर पाइपला एक थाळी बसवली, तोंड डोंगरावरच्या टॉवरकडे. वायर नाही, खांब नाही, आणि नेट कसं धो धो! श्रद्धा आपल्या खोलीत आली, मी निवांत झाले.

आणि आली खंडेनवमी. कंपनीत त्या दिवशी मशिनं बंद करून, धुऊनपुसून हार घालायचे. दाजी निवृत्त झाले, ती सवय नाही झाली. मिक्सर, पंप, स्कूटर, इस्त्री, सगळ्यांना कुंकू लागलं. मग पाना घेऊन छपरावर गेले, थाळी सोडवली, साबणाने घासली, पाटावर मांडली, झेंडू वाहिला, नारळ फोडला. संध्याकाळी परत बसवली. मी म्हटलं, ज्ञानेशला विचारा. तर म्हणे, "नट आवळायचं मला शिकवतेस?" आवळलीय अशी, की हत्ती लोंबकळला तरी हलणार नाही. फक्त तोंड टॉवरऐवजी गोठ्याकडे. श्रद्धाही त्याच दिशेने गेली. ज्ञानेश सोमवारी येऊन थाळी वळवणार आहे. यांना काडीचा पश्चात्ताप नाही. लक्ष्मीपूजनाला थाळी पुन्हा उतरवून चौरंगावर घेणार म्हणतात.

बाकी क्षेम.

तुझी,
सुमनताई

ता.क. : खरं काम आता लिहिते. काल चहा घेऊन गोठ्यात गेले तर श्रद्धा तुलाच फोनवर विचारत होती, "मामा, तुझी वरची खोली दिवाळीला रिकामी आहे ना?" माझ्या हातातला चहा निवला. जयसिंग, तिला सांग खोली भाड्याने गेली, गळते, भूत आहे, काहीही सांग. ती गेली तर आम्ही दोघंच उरू, आणि मग हे माझीही पूजा मांडतील.

ता.क. २ : पाकीट डकवायला श्रद्धाकडे दिलं, तिने आधी वाचलं. खोली तिला नकोच आहे. तिच्या बाबांसाठी हवी आहे, दिवाळीपुरती, म्हणजे हे थाळीपासून लांब राहतील. तेव्हा भूत रद्द. खोली झाडून ठेव. पाडव्याला यांना आणि भाऊबीजेला तुला ओवाळायला मी एकाच फेरीत येते. इथले पाने मी लपवले आहेत. तुझे तू लपव.