दुसऱ्या भागातला कॅप्टन

मी, प्रयागबाई, कै. रुपराव काळबांडे यांची पत्नी, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करते. मला कोणी बसवून लिहायला लावलेले नाही. पतीचे नाव लिहावेच लागते असे वकील म्हणाले, म्हणून वर लिहिले. पुढे त्यांना मी "हे" असेच म्हणेन.

मी शाळेत गेले नाही. नरखेडकडच्या माहेरी संत्र्याच्या पेट्यांवर कुठकुठल्या गावांची नावे असत, ती वाचत अक्षरे शिकले. इंग्रजी अक्षरे मात्र संसार झाल्यावर शिकले, ती का ते पुढे येईल.

१. राहते घर माझी मुलगी प्रेमिला हिला द्यावे. तिचे लग्न कामठीला झाले आहे. ती इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. भाडेकरू ठेवावा, पण अंगणातली जाई तोडणारा नको. पोस्टातले पैसेही तिचेच.

२. माझे धाकटे दीर भैय्याजी यांना टेबलफॅन द्यावा. हे गेल्यावर तेराव्यालाच यांच्या कॉम्प्युटरकडे बोट करून भैय्याजी म्हणाले होते, "वहिनी, ते लेकराइचं खेळणं इकून टाका. दादानं आयुष्य घातलं त्याच्यात." फॅन फार खडखडतो. त्यांना बोलायला सोबत होईल.

३. यांची हत्यारे, म्हणजे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची सगळी पेटी, यांचा दुकानातला भागीदार गिरिधर याला द्यावी. तो यांच्या हाताखाली शिकला. त्याच्यावर माझा राग आहे, तरी द्यावी.

४. आता खेळाबद्दल.

टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर यांनी जुना घेतला होता. त्यावर यांनी एक खेळ रचला, "तिसरं आकाश". खेळणाऱ्याने सहा माणसांची टोळी जमवायची, कोण कॅप्टन, कोण वाट दाखवणारा, कोण डॉक्टर, कोण पाणी सांभाळणारी, आणि जहाजातून दूरच्या ग्रहावर जायचे. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. ती अक्षरे मी त्यासाठीच शिकले. खेळ कॅसेटवर राहतो. आपली टोळीही कॅसेटवर उतरवून ठेवता येते.

पहिल्यांदा खेळायला मीच बसले. हे बाजूला शेंगा सोलत होते. पडद्यावर कॅप्टनचे नाव विचारले, आणि मी थांबले.

"काहून वं, टाक ना नाव."

"कॅप्टन तुम्हीच ना? मंग मी नाही टाकत तुमचं नाव."

"अवं, मशीनले काय लाज?"

"मशीनले नसन. मले हाय."

"मंग बिननावाचा कॅप्टन घेऊन चालली काय?"

"चालते मले."

हे खूप हसले, आणि जागा कोरी ठेवूनही चालेल असे करून दिले. खेळात कोणी मेले की त्याचे नाव पुसले जाते, म्हणजे कोरी जागा ती मेलेल्याची. फक्त कॅप्टनला यांनी त्या नियमातून वगळले. ही गोष्ट यांनी कोणाला, गिरिधरलाही, सांगितली नाही.

दुसरा भाग म्हणजे परतीचा प्रवास. जुनी टोळी जुन्या कॅसेटवरून चढवायची आणि घरी आणायची. "दुसऱ्या भागात आपण वापस येतो," असे हे म्हणत. तो अर्धाच राहिला, आणि हे गेले. पुढे गिरिधरने तो पुरा केला. मेहनत केली, मी नाही म्हणत नाही. त्याने माझी टोळी चढवून दाखवली. पाच जण आले. सहाव्या जागी लिहून आले, कॅप्टन पहिल्या मोहिमेत मरण पावला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. गिरिधर मागे आला. "काकू, जागा कोरी हाय म्हणून तसं आलं. तुम्ही फक्त नाव टाका, काका लगेच जहाजात येतात."

"बाबू, नाव घेऊन बोलवावं लागन, असे कधी दूर नव्हते ते."

तेव्हापासून आम्ही नीट बोललो नाही. खेळ यांचा, म्हणून माझ्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या भागाच्या कॅसेटी विकता येत नाहीत. मी संमती अडवून ठेवली. मला तो प्रवास फार करावासा वाटतो. रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसते आणि लावत नाही.

म्हणून लिहून ठेवते. दुसरा भाग गिरिधरचा. त्याने तो खुशाल विकावा, यांच्या नावाशेजारी स्वतःचेही नाव घालावे. अट एकच. ज्या कॅप्टनची जागा कोरी आहे तो मेला असे धरू नये. त्याला जहाजात घ्यावे, आणि काही विचारू नये. आपल्या गावांत माझ्यासारख्या बायका पुष्कळ आहेत. त्यांनीही हा खेळ खेळावा.

५. हा बदल झाला की प्रेमिलाने माझी टोळी चढवावी. त्या कॅसेटवर दुसरे काही भरू नये. सहाही जण आले आहेत हे बघावे आणि मग निघावे. मी असेन तर मीच बसेन. नसेन तर तिने बसावे, आणि लवकर पोचायची घाई करू नये. वाटेतला प्रत्येक तारा यांना दाखवावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही : प्रयागबाई काळबांडे

साक्षीदार :
१. सिंधूताई मोहोड, शेजारीण
२. नत्थूजी वाघमारे, शिलाईकाम

नागपूर, दि. १२ मार्च १९८९